टेकलात नंबरिंग लावताना: कोऱ्या मॉडेलपासून पहिल्या रिव्हिजनपर्यंत

मागच्या महिन्यात आमच्या जॉबची पहिली रिव्हिजन शॉपला, म्हणजे स्टील कापून-जोडणाऱ्या कारखान्याला गेली आणि आधी गेलेले मार्क, म्हणजे प्रत्येक तुकड्याचे ओळख-नंबर, जिथल्या तिथे राहिले, तेव्हा कुठे जीवात जीव आला. टेकला स्ट्रक्चर्समध्ये, म्हणजे बांधकामाचं थ्रीडी मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, मी बरीच वर्षं मॉडेलिंग करतेय, पण नंबरिंगची सेटिंग कायम दुसऱ्या कुणीतरी करून ठेवलेली असायची आणि आपण फक्त नंबरिंग चालवायचं. यावेळी लीड म्हणाले, ह्या जॉबचं नंबरिंग तू लाव, अगदी पहिल्यापासून. मोठी इंडस्ट्रियल शेड होती, कॉलम, राफ्टर, क्रेन गर्डर, ब्रेसिंग, पर्लिन, आत प्लॅटफॉर्म, जिने, हँडरेल, आणि सगळं तीन फेजमध्ये, म्हणजे टप्प्यांत जाणार. मला धडकी भरली, कारण मॉडेलमधलं बाकी काहीही उद्या बदलता येतं, पण मार्क एकदा ड्रॉइंगवर, एनसी फाइलवर (कटिंग-ड्रिलिंगच्या मशीनला जाणारी फाइल) आणि स्टीलवर पंच होऊन गेला की तो आपला राहत नाही. मेनू कुठे आहे ते हेल्पमध्ये सापडतं. कुठला निर्णय कधी घ्यायचा आणि कुणाला विचारून घ्यायचा हे मात्र मला एका जागी कुठे मिळालं नाही, म्हणून लिहितेय.

आधी मूळ गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं लागेल. पार्ट म्हणजे एक सुटा तुकडा, असेंब्ली म्हणजे वेल्ड करून एक नग झालेले पार्ट, त्यातला मुख्य तो मेन पार्ट आणि बाकीचे सेकंडरी. प्रत्येक पार्टच्या प्रॉपर्टीत पार्टचा प्रीफिक्स आणि स्टार्ट नंबर असतो, तसाच असेंब्लीचाही प्रीफिक्स आणि स्टार्ट नंबर असतो. प्रीफिक्स आणि स्टार्ट नंबर मिळून एक सिरीज होते. नंबरिंग चालवलं की सॉफ्टवेअर एका सिरीजमधल्या वस्तू आपसात ताडून बघतं आणि सारख्या असतील त्यांना एकच नंबर देतं. दोन वेगळ्या सिरीजमधल्या वस्तू हुबेहूब असल्या तरी त्यांना एक नंबर मिळणार नाही. ताडायचं काम ते करतं, पण सारखं कशाला म्हणायचं ते आपण सांगायचं असतं. पूर्ण जॉबभर मला हाच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी येऊन भिडत राहिला.

पहिल्या आठवड्यात मी नंबरिंगच्या सेटिंगला हातच लावला नाही. फॅब्रिकेटरला, म्हणजे ज्यांचं शॉप आहे त्या कंपनीला, एक प्रश्नांची यादी पाठवली. असेंब्ली मार्क कसा हवा, पार्ट मार्क कसा हवा, मेन पार्टला असेंब्लीचाच नंबर हवा की स्वतंत्र, मार्कमध्ये जास्तीत जास्त किती अक्षरं चालतील, मधे स्लॅश किंवा डॅश चालतो का, फेजनुसार नंबर वेगळे हवेत का, आणि गॅल्व्हनाइज होणाऱ्या मालावर मार्क कसा करणार. शेवटचा प्रश्न उगाच नाहीये, गॅल्व्हनाइजिंगच्या आधी पिकलिंगमध्ये (अॅसिडमध्ये बुडवून साफ करताना) पेंटने लिहिलेला मार्क टिकत नाही, त्यामुळे तिथे हार्ड स्टँप किंवा टॅग लागतो, आणि हार्ड स्टँप हाताने मारायचा तर मार्क जितका छोटा तितकं बरं.

उत्तराला आठवड्याच्या वर लागलं. ह्या काळात हात बांधून बसायला नको म्हणून मॉडेलिंग चालू ठेवलं, पण ड्रॉइंग एकही काढलं नाही, आणि हे मी लीडना लेखी कळवून ठेवलं की नंबरिंगचं उत्तर येईपर्यंत ड्रॉइंग सुरू होणार नाहीत. शेड्यूलमध्ये तेवढी जागा आधीच मागून घ्या, हे माझं पहिलं सांगणं. आमच्या एस्टिमेटमध्ये नंबरिंग सेटअपसाठी वेगळे तास धरलेच नव्हते, आणि सगळं मिळून ह्या कामात चांगले आठवडाभराचे माणूस-तास गेले, त्यात चेकरचे तास वेगळे.

उत्तर आलं ते असं: असेंब्ली मार्क कॅपिटलमध्ये, पार्ट मार्क स्मॉलमध्ये, स्लॅश नको, मेन पार्टला असेंब्लीचाच नंबर, असेंब्ली फेजनुसार वेगळ्या. स्लॅश नको हे बरोबरच होतं, कारण एनसी फाइलचं नाव पार्टच्या मार्कावरून ठेवतात आणि विंडोजच्या फाइलनावात स्लॅश चालत नाही. अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये पार्ट आणि असेंब्ली पोझिशनचा फॉरमॅट ठरवता येतो, तिथून प्रीफिक्सला लागून थेट नंबर येईल असं केलं. मेन पार्टला असेंब्लीचा नंबर देण्याचा ऑप्शनही तिथेच आहे.

पण कॅपिटल-स्मॉलच्या बाबतीत मी अडून राहिले. कॉलमला कॅपिटल सी आणि क्लीटला (जोडणीचा छोटा तुकडा) स्मॉल सी ठेवलं तर कागदावर दोन वेगळे मार्क दिसतात, आणि विंडोज मात्र फाइलनावातल्या कॅपिटल-स्मॉलमध्ये फरक करत नाही. आता मेन पार्टला असेंब्लीचाच नंबर आहे, म्हणजे कॉलमच्या एनसी फाइलचं आणि क्लीटच्या एनसी फाइलचं नाव एकच होणार, आणि एका फोल्डरमध्ये दुसरी फाइल पहिलीवर जाऊन बसणार. पीडीएफचंही तेच. म्हणून कळवलं की स्मॉल अक्षर ठेवूया पण जे अक्षर असेंब्लीला वापरलंय ते पार्टला वापरायचं नाही. हे त्यांना लगेच पटलं. तुमच्या फॅब्रिकेटरनी कॅपिटल-स्मॉल मागितलं तर आधी हे तपासा, फाइल गायब झाली की कुठलाही एरर येत नाही, एक्स्पोर्ट झालेल्या फाइल मोजल्या तरच कळतं.

मग सिरीजचा तक्ता केला. साधी स्प्रेडशीट, पण मला वाटतं अख्ख्या कामात सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट तीच. कॉलमला सी, बीमला बी, राफ्टरला आर, क्रेन गर्डरला सीजी, ब्रेसिंगला व्हीबी, जिन्याला एसटी, हँडरेलला एचआर. पहिल्या फेजच्या असेंब्ली १००१ पासून, दुसरीच्या २००१ पासून, तिसरीच्या ३००१ पासून. पार्टसाठी प्लेटला पी आणि अँगलला एल, स्मॉलमध्ये, आणि जे काही रॉड, पाइप वगैरे उरतं त्याला एक तिसरं अक्षर.

इथे स्टार्ट नंबरबद्दल एक सांगायलाच हवं. एकाच प्रीफिक्सच्या दोन सिरीज असतील तर पहिली वाढत वाढत दुसरीत शिरू शकते. समजा बीमची एक सिरीज १ पासून आणि दुसरी १०० पासून, आणि पहिल्या सिरीजमध्ये शंभराच्या वर वेगळे बीम निघाले, तर ओव्हरलॅप होतो आणि टेकला वॉर्निंग देतं. वॉर्निंग वाचली तर बरंच, पण मोठ्या मॉडेलमध्ये नंबरिंग संपल्यावर लोक ती खिडकी बंद करून पुढे जातात. म्हणून अंतर सढळ हाताने ठेवा. हजाराचं अंतर सुरुवातीला जास्त वाटतं पण हँडरेलचे तुकडे मोजायला लागलात की ते जास्त वाटत नाही.

दुसरा वाद पार्टवरून झाला आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. असेंब्ली फेजनुसार वेगळ्या ठेवायच्या हे ठरलेलं, पण छोट्या प्लेटांचं काय? तोच स्टिफनर (मजबुतीची छोटी प्लेट) तीनही फेजमध्ये आहे. पार्टलाही फेजनुसार सिरीज दिली तर एकाच स्टिफनरचे तीन मार्क, तीन ड्रॉइंग, तीन एनसी फाइल. एकच सिरीज ठेवली तर मार्क एकच, पण दुसऱ्या फेजचं नंबरिंग झालं की पहिल्या फेजला इश्यू झालेल्या, म्हणजे शॉपला अधिकृतपणे पाठवलेल्या, प्लेटच्या ड्रॉइंगवरची क्वांटिटी वाढते आणि शॉपला वाटतं ड्रॉइंग बदललं. दोन्हीकडे नुकसान आहे. आम्ही पार्टची सिरीज एकच ठेवली आणि सिंगल पार्ट ड्रॉइंगवरून क्वांटिटीच काढून टाकली, संख्या फक्त फेजनुसार निघणाऱ्या लिस्टमध्ये. शॉपच्या प्रोडक्शनवाल्यांना हे समजावायला दोन-तीन कॉल लागले, पण त्यांच्याकडे कटिंग लिस्टवरूनच होतं हे बोलता बोलता कळलं आणि मग त्यांनीच होकार दिला. शॉपमध्ये कागद नक्की कसा फिरतो हे विचारल्याशिवाय हा निर्णय घेऊ नका.

तक्ता मंजूर झाल्यावर तो मॉडेलमध्ये उतरवणं आलं. प्रत्येक प्रकारच्या मेंबरसाठी प्रॉपर्टी सेव्ह करून ठेवल्या, कॉलम, बीम, राफ्टर अशा नावांनी, म्हणजे कुणी हाताने प्रीफिक्स टाइप करायलाच नको. नावाचंही तसंच, कारण नंबरिंगमध्ये पार्ट नेम ताडायचा असेल तर एकाने स्टिफनर लिहिलं आणि दुसऱ्याने स्टिफ लिहिलं की एकाच प्लेटचे दोन मार्क झाले. क्लास मात्र कितीही बदला, त्याने फक्त रंग बदलतो, नंबरला काही होत नाही.

कंपोनंटमधून, म्हणजे टेकलातल्या तयार जोडण्यांमधून, तयार होणाऱ्या प्लेटांकडे वेगळं लक्ष द्यावं लागलं. एंड प्लेट, शिअर टॅब, बेस प्लेट हे सगळं कनेक्शन बनवतं आणि त्याचे प्रीफिक्स कनेक्शनच्या पार्ट्स टॅबमध्ये असतात. तिथे काही भरलं नाही तर ऑप्शन्समधलं डिफॉल्ट येतं. आधी डिफॉल्ट बदललं, मग प्रत्येक कनेक्शनची सेव्ह केलेली सेटिंग उघडून बघितली. कंटाळवाणं काम आहे पण एका बैठकीत होतं.

आता एक युक्ती, आमच्या चेकर मॅडमनी सांगितलेली. असेंब्लीचा नंबर ठरतो तो मेन पार्टच्या असेंब्ली प्रीफिक्सवरून, सेकंडरी पार्टचा असेंब्ली प्रीफिक्स वापरलाच जात नाही. मग सगळ्या प्लेटांना असेंब्ली प्रीफिक्स म्हणून झेडझेड द्यायचा. प्लेट नीट वेल्ड झालेली असेल तर झेडझेड कुठेच दिसणार नाही. आणि असेंब्ली लिस्टमध्ये झेडझेड दिसला की समजायचं ती प्लेट एकतर वेल्ड करायची राहिलीय, नाहीतर वेल्ड करताना प्लेट आधी निवडली गेली आणि तीच मेन पार्ट होऊन बसलीय. खरोखरच्या लूज प्लेटांना मुद्दाम वेगळा प्रीफिक्स द्यायचा. आमच्या पहिल्या लिस्टमध्ये झेडझेडची रांगच लागली होती. असेंब्ली इन्क्वायर केली की स्टीलचा मेन पार्ट नारिंगी आणि सेकंडरी पिवळ्या रंगात दिसतात, तसं एकेक बघत गेले, जिथे प्लेट मेन झाली होती तिथे कॉलम किंवा बीम निवडून त्याला नवा मेन पार्ट केलं.

मग आली नंबरिंग सेटिंग्जची खिडकी. ह्या खिडकीपुढे मी सगळ्यात जास्त वेळ बसले, आणि तो वेळ मला वाया गेलेला वाटत नाही.

होल्स, म्हणजे भोकांची जागा, माप, संख्या ताडायची की नाही. ह्यावर विचारच नको, चालूच ठेवायचं. पार्ट नेम चालू ठेवलं, नावं शिस्तीत होती म्हणून. वेल्ड्सवर चर्चा झाली. बंद ठेवलं तर ६ मिमीचा वेल्ड असलेली आणि ८ मिमीचा असलेली असेंब्ली एकच धरली जाईल आणि ड्रॉइंग एकाचंच निघेल. चालू ठेवलं तर मॉडेलमधला प्रत्येक वेल्ड नीट असायला हवा, कारण कुणी निष्काळजीपणे वेगळं माप टाकलं की असेंब्ली फुटली. आम्ही चालू ठेवलं, कारण वेल्ड चुकणं आणि एक मार्क जास्त होणं ह्यातलं काय परवडतं ते उघड आहे. कॉलम ओरिएंटेशन बंद केलं. एक कॉलम दुसऱ्यापेक्षा ९० अंशांत फिरवून उभा असेल तर शॉपसाठी दोन्ही एकच नग आहेत, कुठल्या तोंडाने उभा करायचा ते इरेक्शन ड्रॉइंगवर आणि कॉलमवरच्या दिशेच्या खुणेवर दाखवतो. असेंब्ली फेजची गरज उरली नव्हती कारण स्टार्ट नंबरच फेजनुसार वेगळे होते. सळ्या आणि एम्बेडवाले ऑप्शन काँक्रीटचे, ते सोडून दिले. फॅमिली नंबरिंग वाचून बघितलं, आमच्या शॉपला नको होतं, सोडलं.

टॉलरन्सवर मात्र मॅडम आणि मी बराच वेळ बोललो. ह्या आकड्यापेक्षा कमी फरक असेल तर दोन पार्ट एकच धरले जातात. राफ्टरच्या उतारामुळे काही तिरक्या क्लीटांच्या लांबीत मिलिमीटरच्या दहाव्या भागातले फरक येत होते, शॉपला ते कापताही येणार नाहीत आणि मोजताही. आकडा फार लहान ठेवला तर अशा प्रत्येक क्लीटला वेगळा मार्क. फार मोठा ठेवला तर खरंच वेगळ्या असलेल्या प्लेटा एक होतील आणि साइटवर भोकं जुळणार नाहीत. आम्ही १ मिमी ठेवला, आणि जिथे फरक मॉडेलिंगमधल्या ढिलाईमुळे आला होता तिथे टॉलरन्सच्या भरवशावर न राहता पॉइंट ग्रिडवर आणून बसवले.

नव्या आणि बदललेल्या पार्टचं काय करायचं तेही इथेच. नव्यासाठी जुन्यांशी ताडून बघ हा पर्याय ठेवला. बदललेल्यांसाठी सुरुवातीला तोच, म्हणजे इश्यूच्या आधी मार्क जितके कमी होतील तितके होऊ देत. इश्यूनंतर हे बदलायचं होतं, ते पुढे सांगते. जुने नंबर पुन्हा वापरा हे बंद. आणि सगळं नव्याने नंबर करणारा पर्याय तर असा आहे की त्याने आधीच्या नंबरांची सगळी माहितीच जाते, पहिलं ड्रॉइंग बाहेर पडल्यानंतर त्याला कुणीही हात लावायचा नाही असं आम्ही लिहूनच टाकलं.

असेंब्लीचे नंबर कुठल्या क्रमाने पडावेत तेही सांगता येतं. आधी एक्स, मग वाय, मग झेड असा क्रम दिला, त्यामुळे कॉलमचे नंबर ग्रिडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे गेले. हे फक्त पहिल्या वेळी छान जमतं, नंतर येणाऱ्या असेंब्लीला पुढचा मोकळा नंबर मिळतो मग ती कुठेही असो. तरी करावंच, उभारणी करणाऱ्यांना ड्रॉइंगवर मार्क शोधताना खूप सोपं जातं.

मार्चच्या शेवटी ट्रायल घेतली, मूळ मॉडेलवर अजिबात नाही, सेव्ह अॅज करून काढलेल्या कॉपीवर. सेव्ह केलं, नंबरिंग चालवलं, असेंब्ली लिस्ट काढली, आणि पोटात गोळाच आला. प्लॅटफॉर्मचे जे बीम नजरेला हुबेहूब होते त्यांना भलभलते वेगळे मार्क आले होते. इंजिनिअरच्या ड्रॉइंगवर तो एकच बीम पुन्हा पुन्हा येतो, आणि इथे त्याचे ढीगभर प्रकार.

आता ह्याचं कारण शोधायची पद्धत सांगते, कारण इथे नवीन माणूस हमखास हरवतो. असेंब्लीपासून सुरू करू नका, पार्टपासून करा. असेंब्ली ताडताना आतले पार्ट ताडले जातात, म्हणून एका छोट्या क्लीटचे दोन मार्क झाले की ती क्लीट ज्या ज्या असेंब्लीत आहे त्या सगळ्या फुटतात. आधी पार्ट लिस्ट काढली आणि प्रोफाइल आणि लांबीप्रमाणे लावली, म्हणजे सारखे असून मार्क वेगळे असलेले पार्ट एकाखाली एक आले. त्यातले दोन निवडून कंपेअर केलं की फरक कुठे आहे ते समजतं.

फरक तीन प्रकारचे निघाले. काही क्लीट डाव्या-उजव्या होत्या, म्हणजे अँगलवरची भोकं मधोमध नाहीत आणि दुसरी क्लीट आरशातल्यासारखी. हे खरे वेगळे पार्ट आहेत, मार्क वेगळाच हवा, तिथे सॉफ्टवेअर बरोबर होतं. इंजिनिअरला विचारून जिथे चालेल तिथे भोकं सिमेट्रिक करून घेतली, बरेच मार्क तिथेच कमी झाले. दुसरा प्रकार मापातल्या ढिलाईचा, तो वर सांगितला. तिसरा प्रकार सापडायला वेळ लागला. मॉडेलमध्ये आम्ही स्वतः एक यूडीए (आपण स्वतः जोडलेली जादा प्रॉपर्टी) घातला होता, पार्ट कुणी मॉडेल केला ते नोंदवायला, आणि तो तयार करताना नंबरिंगमध्ये धरायचा हा फ्लॅग चालू राहिला होता. त्यामुळे दोन माणसांनी केलेले एकसारखे बीम वेगळे मोजले जात होते. दिसायला सगळं सारखं, भोकं सारखी, लांबी सारखी, आणि मार्क वेगळा. ऑब्जेक्ट्स डॉट आयएनपी फाइलमध्ये तो फ्लॅग बंद केला, मॉडेल पुन्हा उघडलं, नवी कॉपी काढून नंबरिंग केलं आणि लिस्ट एकदम आखडली. त्या संध्याकाळी फार हलकं वाटलं. तुमच्या सेटअपमध्ये कंपनीचे स्वतःचे यूडीए असतील तर ट्रायलच्या आधीच ते बघून घ्या.

दरम्यान मटेरियल ऑर्डरसाठी घाई सुरू झाली. स्टील मागवायला अंतिम मार्क लागत नाहीत, पण यादीतल्या ओळी नंतर मॉडेलशी जुळवता यायला काहीतरी खूण लागते. त्यासाठी प्रिलिमिनरी नंबर सेव्ह करायची सोय आहे, तेव्हाचा पोझिशन नंबर पार्टच्या प्रिलिमिनरी मार्कमध्ये जाऊन बसतो आणि पुढे खरा नंबर बदलला तरी तो तसाच राहतो. यादीवर मोठ्या अक्षरात लिहिलं की हे मार्क फॅब्रिकेशनसाठी नाहीत.

एप्रिलच्या मध्यात मूळ मॉडेलवर नंबरिंग केलं. त्याआधी आमच्यात काही नियम ठरले. नंबरिंग एकच माणूस चालवणार, आधी सगळ्यांनी सेव्ह करायचं, मॉडेलचा बॅकअप निघणार, आणि मल्टी-यूझर मॉडेल असल्यामुळे मास्टर मॉडेलशी सिंक्रोनाइज करायचा पर्याय चालू. नंबर मॉडेलच्या डीबी-टू फाइलमध्ये असतात, भूमिती डीबी-वनमध्ये, त्यामुळे बॅकअप म्हणून एकच फाइल उचलून ठेवण्यात अर्थ नाही, पूर्ण फोल्डर ठेवायचा. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी नंबरिंग, मधल्या वेळेत कुणाला ड्रॉइंगसाठी हवं असेल तर फक्त निवडलेल्या वस्तूंच्या सिरीजचं. मार्कपुढे प्रश्नचिन्ह दिसलं म्हणजे नंबरिंगनंतर तो पार्ट बदललाय, असं प्रश्नचिन्ह असलेलं एकही ड्रॉइंग चेकिंगला द्यायचं नाही. आठवड्यातून एकदा डायग्नोज अँड रिपेअर, म्हणजे मॉडेलमधल्या चुका शोधून दुरुस्त करणारी कमांड. मोठ्या मॉडेलमध्ये त्याला वेळ लागतो, जेवायला जाताना लावून गेलं की होतं.

सारख्या असेंब्लींना मार्क एकच असतो, तर साइटवर कुठला नग कुठे हे कसं कळणार, असं उभारणीवाल्यांनी विचारलं होतं. बहुतेक ठिकाणी तो प्रश्न येतच नाही, सारखे नग कुठेही बसतात. पण त्यांना डिस्पॅच मोजायला प्रत्येक नगाची ओळख हवी होती, म्हणून कंट्रोल नंबर दिले, ते प्रत्येक असेंब्लीला वेगळे असतात, आणि देऊन झाल्यावर लॉक केले.

पहिली फेज इश्यू झाली त्याच दिवशी मी सेटिंग बदलली. बदललेल्या पार्टसाठी आता शक्य असेल तर नंबर तोच ठेव हा पर्याय. ह्यामागचं कारण असं, समजा बी१०१२ मध्ये बदल झाला आणि तो आता अगदी बी१००७ सारखा झाला. इश्यूच्या आधी दोघांचा एक मार्क झाला तर चांगलंच. इश्यूनंतर मात्र शॉपकडे बी१०१२ चं ड्रॉइंग आहे, कदाचित स्टीलही कापलंय. तो मार्क आपण मिटवला तर त्यांना तो माल कुठे गेला हे कळणार नाही. दोन सारख्या वस्तूंना दोन मार्क असले तर काही बिघडत नाही, एकाच मार्काच्या दोन वेगळ्या वस्तू असल्या तर सगळंच बिघडतं.

मे महिन्यात इंजिनिअरकडून बदल आले, प्लॅटफॉर्मच्या काही बीमना पाइपलाइनसाठी भोकं आणि दोन ठिकाणी ब्रेसिंगचं कनेक्शन. बीमचा एक मार्क होता ज्याचे बरेच नग होते आणि त्यातल्या थोड्यांनाच भोकं पडणार होती. बदल केला, नंबरिंग चालवलं, न बदललेले जुन्या मार्कावर राहिले आणि भोकंवाल्यांना सिरीजच्या शेवटचा नवा नंबर मिळाला. जुन्या ड्रॉइंगची क्वांटिटी कमी झाली, नवं ड्रॉइंग निघालं. पण शॉपला फक्त एवढं पाठवणं पुरेसं नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, जुन्या मार्काचे नग आम्ही आधीच कापलेत, ते वापरू का? म्हणून रिव्हिजनसोबत एक तक्ता पाठवला, जुना मार्क, आधीची संख्या, आताची संख्या, नवा मार्क, आणि जुन्या नगाला भोकं पाडून नवा करता येईल का. ह्यातला शेवटचा रकाना सॉफ्टवेअर भरून देत नाही, प्रत्येक ओळ आपणच विचार करून भरायची. शॉपच्या लोकांनी नंतर आवर्जून सांगितलं की ड्रॉइंगपेक्षा त्यांना तो कागद जास्त कामी आला.

ब्रेसिंगच्या बाबतीत एक मार्क पूर्ण रद्द झाला. जुने नंबर पुन्हा वापरा हे बंद असल्यामुळे तो नंबर कायमचा रिकामा राहिला. लिस्टमध्ये मधला एक नंबर नाही म्हणून क्लायंटकडून विचारणा झाली, तर रद्द झालेल्या मार्कांची एक छोटी यादी आता प्रत्येक इश्यूसोबत जोडतो.

दुसरी फेज त्यानंतर गेली आणि ती पुष्कळ सरळ गेली, तक्ता तोच, फक्त असेंब्लीचे स्टार्ट नंबर पुढचे. एकच जागा बघायची होती, सेव्ह केलेल्या प्रॉपर्टीत सगळीकडे २००१ झालंय ना, कारण फेज मॅनेजरमध्ये फेज बदलली म्हणून स्टार्ट नंबर आपोआप बदलत नाही. फेजनुसार फिल्टर करून असेंब्ली लिस्ट काढली आणि दुसऱ्या फेजमध्ये १ ने सुरू होणारा हजारातला मार्क दिसतो का ते पाहिलं. दिसलेच थोडे, पहिल्या फेजमधून कॉपी केलेल्या जिन्यांचे, ते ड्रॉइंगच्या आधीच दुरुस्त झाले.

प्रत्येक नंबरिंगला टेकला मॉडेलच्या फोल्डरमध्ये नंबरिंग हिस्टरीची फाइल लिहितं, कुठल्या वेळी कुठला नंबर कशाचा काय झाला ते त्यात असतं. दर इश्यूच्या दिवशी त्या फाइलची प्रत, सिरीजचा तक्ता आणि नंबरिंग सेटिंग्जचा स्क्रीनशॉट असं तिन्ही त्या इश्यूच्या फोल्डरमध्ये ठेवतेय. तिसऱ्या फेजला कदाचित दुसरी टीम असेल, त्यांना हाच फोल्डर देणार आहे आणि सोबत सांगणार आहे की ट्रायल कॉपीवर घ्या, आणि शॉपला प्रश्न विचारायला मॉडेल पूर्ण व्हायची वाट बघू नका.